देवळाच्या खांबाचा पाय: ओलं फणसाचं लाकूड आणि आठ महिन्यांनी उघडलेला सांधा

हे प्रकरण देवगड तालुक्यातल्या एका गावातलं आहे. गाव, देवी आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मापं, क्रम आणि चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

ग्रामदेवतेच्या देवळाला पुढे लाकडी सभामंडप आहे. आठ खांब, प्रत्येक आठ इंच चौकोनी, तुळईखाली साधारण नऊ फूट उंच. वर मंगलोरी कौलं. खांब फणसाचे, तुळया किंजळीच्या, वासे ऐनाचे. तिन्ही झाडं त्याच पंचक्रोशीतली असणार. जुन्या कामात लाकूड लांबून आणायची रीत नव्हती.

देवळाच्या लाकूडकामाचा मान गावातल्या सुतारांच्या एका घराकडे आहे. विश्वकर्म्याच्या पाच मुलांपैकी मयाची परंपरा सुतार आपली मानतात. मनूची लोहार, त्वष्ट्याची तांबट, शिल्पीची पाथरवट आणि दैवज्ञाची सोनार. या भागात सुताराला हाक मात्र ‘मेस्त्री’ अशीच, आणि अनेक घरांचं तेच आडनाव होऊन बसलं आहे. तरंगांच्या, म्हणजे देवाच्या निशाणांच्या, काठ्या, पालखीचे दांडे, गणपतीवरची माटवी, देवळाची दारं हे सगळं या घराने केलेलं. मोबदला म्हणजे पूर्वी सुगीला घरटी भात आणि जत्रेला नारळ-विडा. भात कधीच बंद झालं. नारळ-विडा अजून मिळतो.

बलुत्याच्या काळातली एक गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची ठरते. नांगर, जू, दांडे यांची कामं दरवर्षी येणार हे ठरलेलंच असायचं. त्यामुळे सुताराच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, लाकूड वर्षानुवर्षं सुकत पडलेलं असे. नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली, दारं प्लायवूडची झाली, तसा तो साठाही संपला. आज ऑर्डर आली की लाकूड शोधायला सुरुवात होते.

या घरात आता साठी ओलांडलेले मेस्त्री आणि त्यांचा थोरला मुलगा काम करतात. मुलाचं बरंचसं काम कणकवलीकडे, मॉड्युलर किचनचं.

अडचण

जानेवारी २०२४ मध्ये मंडपाच्या पश्चिमेकडची कौलांची ओळ दीड इंच बसल्याचं लक्षात आलं. मेस्त्रींनी आठही खांब वाकसाच्या पाठीने वाजवून पाहिले. चार खांब जमिनीलगत भद्द वाजले. त्यातल्या एकात चार इंची खिळा नुसत्या अंगठ्याने निम्मा आत गेला.

मग ६ मिमीच्या गिरमिटाने जमिनीपासून दर तीन इंचांवर एकेक भोक पाडून भुसा पाहिला. पिवळ्या, कोरड्या, गुंडाळणाऱ्या चिरफळ्या आल्या तर लाकूड चांगलं. तपकिरी पीठ आलं तर गेलेलं. चारही खांबांत पीठ जमिनीपासून बारा ते चौदा इंचांपर्यंत येत होतं, त्यावर लाकूड ठणठणीत. खांब वरून भिजले असते तर कूज वरून खाली आली असती. इथे ती पायातून वर चढली होती.

कारण लादीखाली होतं. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मंडपाची शेणाची जमीन काढून लादी बसवली. तळ अडीच इंच वर आला आणि खांबाखालचे काळ्या दगडाचे उथळे सिमेंटमध्ये बुडाले. खांबाचा पाय दगडावर कोरडा राहण्याऐवजी सिमेंटच्या वाटीत उभा राहिला. दर सोमवारी मंडप धुतला जाई आणि पाणी वाटीत मुरे. लाकडाचा टोकाचा छेद पाणी शोषतो, बाजूचा त्या मानाने फारच कमी. त्यात वाळवी आली. शेणाच्या जमिनीवर पाणी पडलं तर निदान सुकत तरी होतं.

पूर्वी एका खांबाला गवंड्याने सिमेंटचा ‘बूट’ घालून दिला होता. तो फोडल्यावर आत खांबाचा नुसता आकार शिल्लक होता. हात लावला तसा गळून पडला.

समोर असलेले पर्याय

देवळाच्या समितीत पहिला कल मंडपच उतरवून स्लॅब टाकण्याकडे होता. खर्चाचा आकडा ऐकल्यावर तो विषय मागे पडला. दुसरा पर्याय चारही पायांना सिमेंटचे बूट घालण्याचा. फोडलेला बूट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, तरी दोघे-तिघे शेवटपर्यंत त्याच्यावरच अडून होते, कारण ते काम चार दिवसांचं. तिसरा पर्याय पूर्ण नवे खांब. त्यासाठी नऊ फूट सरळ, आठ इंची आणि सुकं लाकूड हवं. ते मिळणं कठीण, आणि वरचं सात फूट धडधाकट जुनं लाकूड टाकून द्यायचं कशाला, हा मेस्त्रींचा प्रश्न.

चौथा पर्याय त्यांनीच मांडला. कुजलेला पाय तेवढा कापायचा, खाली नवा तुकडा जोडायचा आणि पाय लादीच्या वर उचलायचा. हाच ठरला. निर्णय योग्यच होता. पुढे जे बिघडलं ते लाकडाच्या निवडीत आणि वेळेत.

निर्णयाची पहिली जागा: लाकूड कोणतं

एका गावकऱ्याने परड्यातला जुना फणस देवीला दिला. घेर सव्वासात फूट. देवाला दिलेलं झाड नाकारणं समितीला शक्य नव्हतं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खालच्या अनुसूचित झाडांमध्ये फणस येतो. खासगी जागेतला असला तरी परवानगी लागते. सातबारासह अर्ज ६ फेब्रुवारीला गेला, पाहणी होऊन परवानगी मार्चअखेरीस आली. झाड पडलं ३ एप्रिलला.

सुतारांचा जुना दंडक असा की झाड मार्गशीर्ष ते माघ या थंडीत, वद्य पक्षात पाडावं. चंद्राचं बाजूला ठेवलं तरी थंडीत पाडण्याला अर्थ आहे. लाकूड हळू सुकतं, कमी फाटतं, कीडही त्या दिवसांत कमी असते. इथे वद्य पक्ष तेवढा साधला. झाड पडलं तेव्हा बुंध्याला कुयऱ्या (कोवळे फणस) लगडलेल्या होत्या आणि कापलेल्या तोंडातून चीक गळत होता.

मेस्त्रींकडे दुसरा मार्ग होता. त्यांच्या मांगरात, गावातल्या एका पाडलेल्या घराची किंजळीची तुळई पडून होती, नऊ इंची, पन्नास-साठ वर्षं सुकलेली. तसल्याच आणखी दोन-तीन तुळया शेजारच्या गावात विकाऊ होत्या. आज कोकणात जुनी घरं भराभर पडताहेत, त्यामुळे सुक्या लाकडाचा सगळ्यात मोठा साठा त्यांच्यातच आहे. पण मानकऱ्यांनी हरकत घेतली. दुसऱ्याच्या घरातलं, सुतक-सोयर पाहिलेलं लाकूड देवळाला कसं लावायचं?

हरकत तिथेच मान्य झाली आणि तुळया घेतल्या गेल्या नाहीत. गोष्ट पुन्हा निघाली ती गिरणीत. बुंध्याचा खालचा साडेतीन फूट भाग आतून पोकळ निघाला. वरच्या भागाचे चार चतकोर पाडले. गाभा आणि सालीलगतचं पांढरं लाकूड टाळून तीनच तुकडे मिळाले, त्यातल्या तिसऱ्याच्या कोपऱ्यात गाभ्याचा अंश राहिलाच. चौथ्या पायाला लाकूड नव्हतं. तेव्हा गुरवाने देवीला कौल लावला आणि कौल उजवा, म्हणजे होकाराचा, आला. (कौलारू मंडपाच्या कामात दोन्ही अर्थांनी कौल महत्त्वाचा ठरला.) मांगरातली तुळई अशी एका पायापुरती कामाला आली.

हाच कौल फेब्रुवारीत लावला असता तर चारही पाय सुक्या लाकडाचे झाले असते. झाड देवीचंच राहिलं असतं, त्याच्या फळ्या पुढच्या कामाला ठेवता आल्या असत्या.

निर्णयाची दुसरी जागा: सांधा

कूज चौदा इंचांपर्यंत, म्हणून छेद अठरा इंचांवर. सांधा अर्ध्याला अर्धा लावण्याचा ठरला. जुन्या खांबाचा अर्धा भाग खाली उतरतो, नव्या तुकड्याचा अर्धा वर चढतो, मधला मेळ अठरा इंच लांब, म्हणजे खांबाच्या जाडीच्या सव्वादोन पट. वरचा आणि खालचा, दोन्ही खांदे, म्हणजे टोकं टेकतात त्या पायऱ्या, काटकोनात. भार खांद्यांवरून उतरतो, त्यामुळे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक टेकला आणि दुसऱ्यात कागद जाईल एवढी जरी फट राहिली, तर सगळा भार अर्ध्या खांबावर येतो आणि मेळ उभा चिरतो. यासाठी मेस्त्रींनी खांदे रंध्याने न करता रुंद पटाशीने, खडू लावून, तीन-तीनदा बसवून पाहिले. एका सांध्याला दीड दिवस गेला.

मेळ धरून ठेवायला काय, यावर बाप-लेकांत मतभेद झाला. मेस्त्रींना खैराच्या चार खुंट्या हव्या होत्या. फणसाच्या लाकडात साधं लोखंड घातलं तर भोवती काळं पडतं आणि समुद्राच्या हवेत ते सडतं, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मुलगा म्हणाला, “बाबा, बोल्ट घाला. उद्या आवळूक तरी येतले.” शेवटी फणसाच्या तिन्ही पायांना स्टेनलेस स्टीलचे १२ मिमीचे दोन-दोन बोल्ट, नट खोलगट भोकात आणि वर लाकडाची बुचं. किंजळीच्या पायाला नुसत्या खुंट्या.

निर्णयाची तिसरी जागा: मापात किती सोडायचं

लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. ओलं फणसाचं आठ इंची, म्हणजे २०३ मिमीचं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत सहा-सात मिमी बारीक होऊ शकतं. मेस्त्रींनी म्हणून नवे तुकडे प्रत्येक बाजूला ३ मिमी जाड ठेवले. आज खालचा भाग किंचित फुगलेला दिसेल, दीड-दोन वर्षांनी रंधा मारून जुन्याला मिळवायचा, असा बेत.

पहिल्या दोन फणसाच्या पायांना असंच केलं. तिसरा खांब गाभाऱ्यासमोरचा, आणि वर्धापनदिन १७ मेला. फोटोत खांब पायाशी फुगलेला दिसतो म्हणून समितीने तो सपाट करायला लावला. मेस्त्री म्हणाले, “लाकूड आपल्या वेळान सुकता.” पण रंधा मारला. याच तुकड्यात गाभ्याचा अंश होता, हे तेव्हा त्यांनी तोंडी सांगितलं होतं. लिहून कुठेच नव्हतं.

काम कसं झालं

पाडव्यानंतर कामाला हात लागला. कौलांची शाकारणी त्याच महिन्यात करायची होती, म्हणून आधी त्या त्या खांबावरच्या दोन खणांची कौलं उतरवली. वासे-तुळईचा भार तरीही राहतोच. खांबाच्या दोन बाजूंना तुळईखाली टेकू, टेकूखाली पाच टनी स्क्रू जॅक, जॅकखाली तीन फुटी जाड फळी, नाहीतर लादी फुटते. हायड्रॉलिक जॅक मुद्दाम टाळले. रात्रभरात ते थोडे खाली बसतात आणि सकाळी सांधा जुळत नाही.

जॅक दोन्हीकडे आळीपाळीने पाव-पाव फेरा. खांब उचलायचा नाही, भार फक्त काढून घ्यायचा. याची खूण करवतच देते. करवत चावली तर भार अजून खांबावर आहे, मोकळी चालली तर सुटला. वर ओळंबा सोडून तुळई दोन मिमीपेक्षा जास्त हललेली नाही ना, तेही पाहत राहायचं. एका वेळी एकच खांब.

पाय कापल्यावर लादी खांबाभोवती कापली. इथे पुन्हा थोडा वेळ गेला, कारण दोन लाद्यांवर देणगीदारांची नावं होती. खाली जुना उथळा जागच्या जागी, शाबूत निघाला. तो न काढता त्यावर सहा इंच जाडीचा नवा काळा दगड बसवला. आता दगडाचा माथा लादीच्या साडेतीन इंच वर आहे. जांभा इथे चालत नाही, पाणी धरतो. माथ्याला चारही बाजूंना किंचित उतार, मधोमध १६ मिमीची स्टेनलेस स्टीलची सळई, तीन इंच दगडात आणि तीन इंच खांबात, फक्त पाय सरकू नये म्हणून. लादी आणि दगडाच्या मध्ये एक इंच फट रेतीने भरली, सिमेंट नाही.

लादी कापलेल्या खड्ड्यांत वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस दिलं. २० टक्के तीव्रतेचं एक लिटर, १९ लिटर पाण्यात. खांबाच्या टोकाच्या छेदाला काजूच्या टरफलाच्या तेलाचे तीन हात. हे तेल होड्यांना लावतात तेच. अंगावर पडलं तर कातडी भाजते. मदतनिसाने पहिल्या दिवशी हातमोजे घातले नाहीत आणि आठवडाभर त्याची मनगटं सोलवटलेली होती. जुन्या तुळईचा घोळ वेगळा. तिच्यात मोडके खिळे दडलेले होते, त्यांनी रंध्याचं पातं दोनदा खाल्लं. जुनं लाकूड कापण्याआधी लोहचुंबक फिरवायला पाच मिनिटं लागतात.

हिशोब

मेस्त्रींचा अंदाज २४ दिवसांचा होता. मेस्त्री १,२००, मुलगा १,०००, मदतनीस ७००, म्हणजे दिवसाला २,९०० रुपये, एकूण ६९,६००. बैठकीत एका मानकऱ्याने विचारलं, “मेस्त्री, देवीच्या कामाचो हिशोब कसलो?” मानाचं काम म्हणून मेस्त्रींनी ४५,००० उक्ते मान्य केले. प्रत्यक्षात ३१ दिवस लागले, म्हणजे ८९,९०० रुपयांची मजुरी. निम्मी घरातून गेली.

हा विषय समितीने पैसे कमी दिले एवढ्यावर संपत नाही. उक्त्या रकमेत प्रत्येक जादा दिवस सुताराच्या खिशातून जातो, म्हणून नेमके वेळ मागणारे निर्णय, लाकूड थांबून घेणं, गाभ्याचा तुकडा बाद करून दुसरा शोधणं, हे त्याला परवडत नाहीत. मान जुन्या काळात वर्षाच्या भाताला जोडलेला होता. भात गेलं आणि मान तेवढा शिल्लक राहिला.

निकाल

पावसाळ्यात मंडप तसूभर हलला नाही. कौलांची ओळ सरळ आहे. चारही पाय कोरडे राहिले, म्हणजे दगड वर उचलण्याचा निर्णय शंभर टक्के लागू पडला.

जानेवारी २०२५ मध्ये पाहणी झाली. किंजळीचा पाय जसाच्या तसा, मेळात नख जात नाही. फणसाच्या तिन्ही पायांत लाकूड आकसून मेळ सुटला होता, फटीत पत्त्यांच्या कॅटमधलं पान सहज जाईल एवढा. बुचं काढून बोल्ट एक-सव्वा फेरा आवळले तसे मेळ बसले. इथे नुसत्या खुंट्या असत्या तर काही करता आलं नसतं. सुक्या लाकडाला खुंटी पुरते, ओल्याला आवळता येणारं काहीतरी हवं, असा बाप-लेकांच्या वादाचा निकाल दोन्हीकडे लागला.

जाड ठेवलेले दोन पाय आता जुन्या खांबापेक्षा जेमतेम मिलिमीटरभर फुगलेले आहेत. गाभाऱ्यासमोरचा, सपाट केलेला, प्रत्येक बाजूला दोन मिमी आत गेला आहे आणि गाभ्याच्या कोपऱ्यातून दहा इंच लांब उभी चीर पडली आहे. भार पेलायला धोका नाही, चीर खांद्यापर्यंत पोचलेली नाही. पण ती बरोबर दर्शनाच्या रांगेसमोर येते. जानेवारीतल्या पाहणीच्या आणि आवळण्याच्या त्या तीन दिवसांच्या फेरीची मजुरी कोणी दिली नाही, कोणी मागितलीही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

काम फेब्रुवारीत ठरलं आणि पावसाआधी संपवायचं होतं. चार टेकू घट्ट लावून मंडप एक पावसाळा तसाच काढता आला असता, कारण कूज खालच्या चौदा इंचांत होती आणि टेकू थेट तुळईला भिडतात. तेवढ्यात आठ इंची लाकूड पूर्ण सुकलं नसतंच. सुतारांचा ठोकताळा जाडीच्या इंचाला एक वर्षाचा आहे, आणि कोकणात पावसाचे चार महिने त्यात धरायचे नसतात. पण त्या अवधीत जुनी तुळई शोधणं, कौल लावणं, मानकऱ्यांची समजूत काढणं झालं असतं.

ओलंच वापरायचं होतं तर पाडल्या दिवशीच ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा रंग लावायला हवा होता. इथे शेणमाती फासली ती तीन दिवसांनी, तोवर तोंडं फाटायला लागली होती. दोन भाग बोरिक ॲसिड आणि तीन भाग बोरॅक्स यांच्या पाच टक्के द्रावणात तुकडे बुडवूनही ठेवता आले असते. ओल्या लाकडात ते आत झिरपतं, एवढा एक फायदा ओलेपणाचा आहे आणि तोही घेतला गेला नाही.

मुलाने पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदणी केली आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंत विनातारण कर्ज मिळतं. अशा घरांनी हे कर्ज नव्या यंत्रात घालण्याआधी पडणाऱ्या घरांच्या तुळया घेऊन मांगरात ठेवण्याचा विचार करावा, असं आमचं मत आहे. यंत्र भाड्याने मिळतं, सुकलेलं लाकूड भाड्याने मिळत नाही.

आणि समितीशी लेखी बोलणं. उक्ती रक्कम लाकडाच्या कामाला चालत नाही. दिवसाची मजुरी, सोबत वर्षाने एक फेरी, तिची मजुरी आधीच ठरलेली. मानाचा नारळ-विडा त्याच्या जागी राहू शकतो.

उरलेल्या चार खांबांचे उथळे अजून लादीखालीच आहेत. वाजवल्यावर दोन ठणठणीत, एकाचा आवाज थोडा बसका, आणि एकाच्या पायाशी गेल्या मार्चमध्ये वाळवीची मातीची नळी दिसली. मेस्त्रींच्या मांगरात आता किंजळीच्या दोन तुळया रचून ठेवल्या आहेत, टोकांवर खडूने तारीख घातलेली.